नुसत्या रश्शाचा घास

त्या घरात मुली तीन होत्या आणि चूल एकच होती. थोरली, मधली आणि नवी. सख्ख्या सोडा, लांबच्याही बहिणी नव्हेत; एकटीला भाडं झेपेना म्हणून एका छपराखाली आलेल्या कॉलेजच्या मुली. पहिल्या दोघींना ही नावं कधीच पडून गेली होती. तिसरीला खरं तर धाकटी म्हणायला हवं होतं, पण येऊन महिने उलटले तरी ती नवीच राहिली होती. याचं कारण स्वयंपाकघरात होतं.

घराचा नियम साधा होता. एकेकीचा एकेक वार. जिचा वार तिने तिघींचं रांधायचं, बाकी दोघींनी भांडी घासायची आणि पानात पडेल ते नावं न ठेवता खायचं. एवढ्यावर भागलं असतं, पण मधलीने एकदा मिठाच्या जागी कपड्यांचा सोडा घातला आणि त्या दिवसापासून नियमाला शेपूट फुटलं. जिने रांधलं तिने पहिला घास सगळ्यांसमोर खायचा. तिने गिळला की मगच इतरांनी हात घालायचा. मधली जनावरांच्या डॉक्टरकीला होती. ती म्हणायची, "गायसुद्धा हुंगल्याशिवाय तोंड लावत नाही, आपण तर शिकलेल्या."

नवीला घरून निघताना चहासुद्धा धड येत नव्हता. यात लाजण्यासारखं काही नाही. आईच्या पोटातून शिकून कोणी येत नसतं. पण आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा ती जीव देईल, अशातली गत होती. "येतं मला थोडंफार," असं ती पहिल्याच दिवशी बोलून बसली. मग तिच्या वाराला कधी भाताचा गोळा व्हायचा, कधी बटाटे बाहेरून काळे आणि आतून दगड. मागच्या खेपेला कांदा टाकून ती फोनवर बोलत बसली आणि थोरलीचं जुनं पातेलं तळाशी कोळसा होऊन गेलं. थोरली रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. पातेलं घासता घासता एवढंच म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून तू तुझं तुझं करून बघतेस का? तुलाच सोपं पडेल कदाचित."

सोपं! नवीला त्या शब्दाने रात्रभर कुरतडलं. तुझं तुझं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. तिच्या वर्गातली एक मुलगी तशीच राहत होती. खोलीचं दार लावून, पलंगावर बसून, चहात बिस्किटं बुडवून. नवीला या गावात आपलं म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं. होतं ते हे एक पातेलं आणि त्याच्याभोवती बसून चालणारी टवाळी. तेवढं हातचं गेलं तर तिचा दिवस कोणाशीही न बोलता संपला असता.

म्हणून या वेळचा वार तिने मनावर घेतला. दुकानात पोत्यापोत्यातून फिरली आणि राजमा निवडला. स्वस्त, पोटभरीचा, आणि दिसायलाही कसा देखणा, लालचुटुक. दिवसभर भिजवला. बरोबर कांदा, टोमॅटो, लसूण, तेलाची धार, मीठ, तिखट. आणि शिजवायला आत्याने दिलेलं विजेचं भांडं. आत्या म्हणाली होती, "सगळं आत टाक, झाकण लाव आणि विसरून जा. याच्यात करपायची सोयच नाही." भांड्याला एक खुंटी होती, मंद, मध्यम, जोरात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नवीने खुंटी सगळ्यात मंदवर ठेवली, वर आणखी एकदा तपासली, आणि झोपायला गेली.

सकाळी घरभर लसणाचा वास सुटला होता. झाकण काढलं तर रस्सा दाट, लाल, वर तेलाचा तवंग. काही म्हणजे काही करपलं नव्हतं. नवीला रडू यायचंच बाकी होतं. तिने एक दाणा चमच्याने उचलून दातांखाली घेतला.

दाणा बाहेरून मऊ होता. आत कचकन वाजला.

तिने दुसरा घेतला. तोही तसाच. दोन्ही तिने थुंकून टाकले. एवढ्यात मागे चपला वाजल्या आणि थोरली आली, इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बांधलेले. आज तिची परदेशातल्या शिष्यवृत्तीची निवड होती. सकाळी लेखी, मध्ये जेवणाची सुट्टी, दुपारी मुलाखत. गेल्या वर्षी याच मुलाखतीच्या दिवशी ती तापाने फणफणली होती आणि दारातून परत आली होती. दोनदाच बसता येतं, यंदाची शेवटची. गेले कित्येक दिवस घरात ती चालताना सुद्धा उत्तरं पुटपुटत होती.

"अगं, काय वास आहे!" ती म्हणाली. मागोमाग मधली, दात घासता घासता. "नवीने केलंय? आपल्या नवीने? खिडकीतून शेजारणीने तर नाही ना आणून ठेवलं?"

दोघींचे डबे उघडे होऊन ओट्यावर आले. मग तिघी थांबल्या. नियम तो नियम. नवीने चमचा भांड्यात घातला, जरासा तिरका केला, दाणे घरंगळून जाऊ दिले आणि नुसता रस्सा तोंडात घेतला. गिळला. रस्सा चवीला खरोखर झकास होता.

"शिजलाय ना नीट?" थोरलीने विचारलं.

"लोण्यासारखा," नवी म्हणाली.

फार मोठं खोटं नव्हतं, असं तिने स्वतःला समजावलं. दुपारपर्यंत गरम डब्यात मुरेल, होईल मऊ. फार तर जरा चावावा लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मधलीने डबा काठोकाठ भरला. थोरलीने बरोबर पाव घेतला, नवीच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाली, "जिंकलीस गं." त्या एका शब्दावर नवी कॉलेजपर्यंत तरंगत गेली.

आत्याचा फोन आला तेव्हा पहिले दोन तास संपून मधली सुट्टी झाली होती. नवी जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"काय गं, भांडं चालतंय ना? की पडलंय पलंगाखाली?"

"चालतंय म्हणजे! आत्या, राजमा केला त्याच्यात. रात्रभर ठेवला. दोघी डबे भरून घेऊन गेल्या."

"शाब्बास माझी बाय! आधी खळाखळा उकळून घेतलास ना?"

"नाही. भांड्यातच शिजवला की. एकदम मंदवर, करपू नये म्हणून."

पलीकडे आत्याने कोणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं.

"बाळा," ती म्हणाली, "दुसरं काहीही चाललं असतं. राजमा नाही. तो आधी चांगला खळखळून उकळावा लागतो, नाहीतर बाधतो. बाधतो म्हणजे विषच म्हण. अर्धवट शिजलेला तर कच्च्याहून वाईट. भांडं नवं होतं तेव्हा मीही हेच करून बसले होते. तुझ्या काकांनी अख्खी दुपार मोरीत काढली. अजून राजम्याचं नाव काढलं की उठून अंगणात जातात."

"मरतं का गं माणूस?"

"मरत नाही. पण तीन-चार तास जीव नकोसा होतो, उलट्या थांबत नाहीत. मग आपोआप उतरतं. खाल्लाय का कोणी अजून? मला असं सांग, शिजला होता का नीट? दाणा दाबून बघितला होतास ना?"

दाणा. नवीच्या दातांत तो पुन्हा कचकन वाजला. आत्याला उत्तर न देताच तिने फोन ठेवला.

तिने थोरलीचा नंबर लावला. बंद. बंदच असणार, आत जाताना फोन दारावर जमा करायचे होते, हे थोरलीनेच काल दहा वेळा सांगितलं होतं. मग मधलीला लावला. मधलीने पहिल्या घंटेला उचलला.

"बोल गं सुगरणी!"

"तू... जेवलीस?"

"केव्हाच! प्रॅक्टिकलच्या आधीच उरकलं, भूक लागली होती. चाटूनपुसून साफ. शेजारची मागत होती, तिला चमचाभरसुद्धा दिला नाही. का गं?"

"काही नाही. सहज."

आणि नवीने फोन बंद केला. तिला स्वतःलाच कळेना आपण हे काय केलं. जिभेवर शब्द होते, ते सांडायचे तेवढे बाकी होते आणि तोंडातून निघालं 'सहज'. माणूस भितो तेव्हा असाच वागतो, आगीला पाठ करून उभा राहतो. ती पायरीवरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग तिने दातओठ खाऊन परत फोन लावला आणि एका दमात सगळं ओकली. राजमा उकळला नव्हता. तो बाधतो. तासा-दोन तासांत उलट्या सुरू होतील. आत्या म्हणते उतरतं, पण तू घरी जा, पाणी पीत राहा, फार झालं तर दवाखान्यात जा, मी येतेच.

पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला. "वा," मधली म्हणाली. "गाईला झालं असतं तर काय द्यायचं ते मला पाठ आहे." मग तिचा आवाज एकदम बदलला. "थांब. थोरली? तिची सुट्टी कधी होते?"

"दुपारी. तिचा फोन बंद आहे."

"मग इथे माझ्याशी काय बोलत बसलीस? माझं खाऊन झालंय, व्हायचं ते होईल. तू तिकडे पळ. तिचं यंदा शेवटचं आहे."

नवी पळाली. बस मिळाली, पण पुढे रस्ता खणून ठेवला होता आणि गाड्यांची रांग गोगलगायीसारखी सरकत होती. नवी दाराशी लटकून पुढे बघत राहिली. थोरली आत्ता पेपर देत असेल. आत्ता देऊन झाला असेल. आत्ता पिशवीतून डबा काढत असेल, आणि डबा उघडल्यावर लसणाचा तो वास येईल. सकाळी त्याच वासाने नवी फुशारली होती. आता तो आठवूही नये असं तिला वाटलं. ड्रायव्हरला गयावया करून ती मध्येच उतरली आणि खड्ड्यांच्या कडेने, खडीवरून, लोकांना धक्के देत धावत सुटली. बरगडीत कळ आली तशी ती दाबून धरून धावली.

मोठ्या इमारतीच्या फाटकावर दरवान खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर त्याचा स्वतःचा डबा उघडा होता.

"सुट्टी झाली का?" तिने धापा टाकत विचारलं.

"आत्ताच घंटा झाली. आत जायचं नाही."

"मला नाही जायचं. एक निरोप द्या. फार महत्त्वाचा आहे." तिने थोरलीचं वर्णन केलं, केस, कपडे, हातातली निळी पिशवी. "म्हणावं डबा खाऊ नकोस. डब्यात... डब्यात पाल पडली होती."

दरवानाने घास चावणं थांबवलं. "झाकणाच्या डब्यात पाल शिरली? आणि ती तुला इथवर सांगायला आली?"

"नाही, भांड्यात पडली होती, नंतर दिसली—"

"हे बघ पोरी," तो म्हणाला, "मी इथे बरीच वर्षं बसतो. परीक्षेच्या दिवशी कोण कोणाला काय निरोप पाठवतं ते सगळं बघितलंय. घरी आजी गेली म्हणून सांगतात, अन् आजी घरी मजेत असते. आतली मुलगी हादरते, बाहेरची हसत जाते. मी असले निरोप नेत नाही. खरं काय असेल ते बोल, नाहीतर वाट धर."

नवी फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. आत अंगणापलीकडे मुलं-मुली घोळक्याने बाहेर येत होती, झाडाखाली, पायऱ्यांवर बसत होती. कोणी डबे उघडत होतं. आता विचार करायला वेळ नव्हता, आणि बहुतेक म्हणूनच खरं तोंडातून बाहेर पडलं.

"राजमा कच्चा आहे," ती म्हणाली. "तो बाधतो. तिला मुलाखतीत उलट्या होतील. आणि म्हणावं, कच्चा आहे हे नवीला सकाळीच माहीत होतं."

"नवी कोण?"

"मी."

दरवानाने आपला डबा खुर्चीवर ठेवला, वर झाकण टाकलं आणि पाय ओढत आत गेला. नवी गजांतून बघत होती. तो झाडाशी थांबला, कोणाला तरी विचारलं, पायऱ्या चढला आणि खांबाआड दिसेनासा झाला. आला तोही तसाच सावकाश, जणू फिरायला गेला होता.

"दिला निरोप."

"काय म्हणाली?"

"काही नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं."

"पण खाल्लं होतं का तिने? डबा रिकामा होता का?"

"आता मी काय तिचं तोंड उघडून बघू?" तो वैतागला आणि पुन्हा जेवायला बसला.

फाटकासमोर एक बुटका कठडा होता. नवी त्याच्यावर बसली. आत घंटा झाली, घोळके उठून आत गेले, अंगण मोकळं झालं. जिला मुलाखतीला बोलावलंय ती आता एखाद्या बाकावर बसली असेल. पोटात कळ तर येत नसेल? तोंडाला पाणी तर सुटत नसेल? नवी देवाला, नशिबाला, जे कोणी ऐकत असेल त्याला, एकच मागत राहिली, की तिने घास घेतलेला नसू दे.

फोन वाजला. मधली.

"सुरू झालं," ती म्हणाली. आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "मोरीतच बसलेय. गारेगार आहे इथे, बरं वाटतं." मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज, आणि मग जे ऐकू आलं ते ऐकून नवीने डोळे मिटून घेतले. "आले परत. थोरलीचं काय?"

"निरोप दिला. खाल्लं की नाही, कळत नाही. मी घरी येते, तू एकटी आहेस."

"येऊ नकोस. तिथेच बस. तिला काही झालं तर धरायला कोणीतरी हवं. मला काय, मोरीची भिंत आहे." ती थांबली, श्वास घेतला. "पण नवी, तू ठीक आहेस ना? तू तर सगळ्यात आधी खाल्लंस. तुला कसं काही झालं नाही अजून? तू पण पाणी पीत राहा हं. एकटी बाहेर आहेस, चक्कर आली तर कोणाला तरी सांग."

इतका वेळ नवी रडली नव्हती. आता तिने बाहीने डोळे पुसले.

"मी दाणा खाल्लाच नाही," ती म्हणाली. "नुसता रस्सा घेतला. दाणा कच्चा आहे ते मला कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. नवीने परत लावला, तो कोणी उचलला नाही.

थोरली बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. नवी कठड्यावरून उठली आणि आधी तिचा चेहरा बघितला. पांढरा पडला होता का? घाम होता का? थोरली सरळ चालत होती. दरवानाकडून फोन घेतला, त्याला मान तुकवली आणि नवीसमोर येऊन उभी राहिली.

"झाली," ती म्हणाली. "बरी झाली. भुकेने पोट मात्र एवढं गुरगुरत होतं, त्या लोकांनाही ऐकू गेलं असेल."

"तू खाल्लं नाहीस?" नवीने विचारलं.

"पाव खाल्ला, कोरडा." थोरलीने पिशवीतून डबा काढून तिच्या हातात दिला. तो सकाळी होता तेवढाच जड होता. "निरोप यायच्या आधीच बाजूला ठेवला होता. सकाळी तू चमचा तिरका केलास ना, तेव्हा मी बघत होते. दाणे खाली पडले. मग इथे एक दाणा बोटाने दाबून बघितला. दबला नाही."

"तुला सकाळीच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

थोरलीने नजर दुसरीकडे वळवली. "काय बोलणार? पातेल्यावरून तुला आधीच तोडून बोलले होते. तुझा चेहरा एवढा फुललेला. मला वाटलं, कच्चंच आहे ना, थोडं पोट दुखेल. मी खाणार नाही, झालं. हे बाधतं, हे मला कुठे माहीत होतं?" आणि मग, जणू आत्ताच आठवलं तशी, "मधली? मधलीने खाल्लं?"

नवीने हो म्हणून मान हलवली. थोरली मटकन कठड्यावर बसली. बघणारीने सांगितलं नाही, करणारीने सांगितलं नाही, आणि ज्या एकीने दोघींवर विश्वास ठेवून डबा काठोकाठ भरला ती मोरीच्या भिंतीला टेकून बसली होती. थोरली उठली आणि दोघी बसथांब्याकडे धावत निघाल्या.

मधली खरोखरच मोरीत होती, केस चेहऱ्याला चिकटलेले, ओठ सुकलेले. दार उघडल्यावर तिने दोघींकडे बघितलं आणि डोळे मिटले. थोरलीने तिला धरलं, नवीने पाणी आणलं, मीठ-साखर कालवून चमच्या चमच्याने पाजलं. मधली पाणी प्यायची, पण नवीच्या हातून घेताना तिच्याकडे बघायची नाही. एकदा उलटी झाली, मग आणखी एकदा, नुसतं पाणी. मग थांबली. थोरली पलंगाच्या पायथ्याशी बसून होती. बऱ्याच वेळाने तिने खाली मान घालून सांगून टाकलं, "मीही सकाळी बघितलं होतं गं." मधलीने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दिवे लागायच्या सुमारास ती हळूच म्हणाली, "भूक लागली."

नवी उठली. तिने विजेच्या भांड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तळ काळा झालेलं थोरलीचं पातेलं घेतलं, मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, मीठ, आणि गॅस मोठा केला. ती तिथून हलली नाही. पाणी तापलं, कडेला बुडबुडे आले, मग मधोमध खळखळायला लागलं. फेस वर चढला तसा तिने पळी आडवी धरली, आच जरा उतरवली, तळ खरवडला. पुन्हा थोडं पाणी घातलं. दाणा बोटात चिरडून बघितला, लोण्यासारखा. या वेळी ते खरं होतं आणि सांगायला कोणी विचारत नव्हतं.

पातेलं घेऊन ती आत आली. मधली उशीला टेकून बसली होती. नवीने पातेलं खाली ठेवलं, आणि कधीपासून मनात घोळत होतं ते बोलली, "उद्यापासून मी माझं वेगळं करते. तुम्हाला माझ्या हातचं नको असणार."

मधली म्हणाली, "आधी नियम."

नवीने चमचा भरला, चांगला शिगोशीग. पातळ वाहून जाऊ दिलं आणि भात तेवढा राखला. तोंडात घेतला, चावला, गिळला.

"तोंड उघड."

नवीने तोंड उघडलं. मधलीने पुढे वाकून, गाईचे दात बघावेत तसं डाव्या-उजव्या बाजूने नीट बघितलं. मग ती थोरलीकडे वळली. "आता तू."

"माझा वार नाही गं आज," थोरली पुटपुटली.

"बघितलंस आणि गप्प बसलीस. आता बघणारीनेही खायचं. आजपासून."

शिष्यवृत्तीच्या परीक्षकांसमोर न डगमगलेल्या थोरलीने गपचूप चमचा घेतला, भात खाल्ला आणि सांगायच्या आत आ केला. मधलीने तिचंही तोंड बघितलं. हसली नाही. दोघींकडे तिने आळीपाळीने बघितलं.

मग मधलीने आपली वाटी उचलली. तिने ती नवीच्या पुढे धरली.

"वाढ," ती म्हणाली.